वडिलांच्या तळपायाच्या मेलानोमासाठी वावर विकावं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना तो पैशांचा वाटला, दुसऱ्यांदा तसा वाटला नाही. आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते सांगते. बाबा ५८ वर्षांचे. काटोलकडे चार एकर वावर, त्यातल्या दोन एकरांत संत्रा. उजव्या टाचेखाली काळा डाग आला, वर्षभर कुरूप समजून पट्ट्या लावल्या, मग तिथे जखम झाली. बायोप्सीत, म्हणजे तुकड्याच्या तपासणीत, मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर निघाला आणि आता जांघेत गाठ लागतेय. एका डॉक्टरांनी इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आजाराशी लढवणाऱ्या औषधाच्या, एका डोसचे सव्वादोन लाख सांगितले. तुम्ही विचारताय की संत्र्याचे दोन एकर विकून उपचार सुरू करावेत का, आणि "त्वचेचा कॅन्सर तर साधा असतो" असं सगळे म्हणत असताना खर्च एवढा कसा. शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की शाळेतली नोकरी सोडायचं जवळपास ठरलंय.

मी डॉक्टर नाही. नागपुरात कॅन्सरच्या वॉर्डांमध्ये वैद्यकीय समाजसेवक म्हणून बावीस वर्षं काम करते. औषध कोणतं द्यायचं हे मी सांगू शकत नाही. पण औषध ठरल्यावर आणि त्याआधीही घराचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. त्यावरून लिहिते.

आधी "साधा" या शब्दाबद्दल. त्वचेचे कॅन्सर मुख्यतः तीन. बेसल सेल कार्सिनोमा बहुधा चेहऱ्यावर येतो, सावकाश वाढतो आणि वेळेत कापून काढला तर विषय संपतो. लोक "साधा" म्हणतात तो हा. दुसरा स्क्वॅमस सेल. आपल्याकडे तो पुष्कळदा जुन्या भाजलेल्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर उगवतो. तिसरा मेलानोमा. तो आपल्याकडे कमी दिसतो, पण खोल गेला की लसिकाग्रंथींत, तिथून फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत पोचतो. गोऱ्या लोकांच्या देशांत तो उन्हाशी जोडलेला असतो आणि पाठीवर, पायांवर येतो. आपल्या लोकांत तो जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या आईंनी "उन्हात राबूनच झालं" असं धरून ठेवलंय असं तुम्ही म्हणता. टाचेखालच्या डागाचा दोष उन्हाला देता येत नाही, आणि बाबांना वावरात जाऊ दिलं म्हणून आईंनाही देता येत नाही. त्यांना हे एकदा स्पष्ट सांगा.

खर्चाचं म्हणाल तर फरक आजाराच्या नावात कमी आणि टप्प्यात जास्त आहे. अमेरिकेत २००७ ते २०११ या वर्षांत त्वचेच्या कॅन्सरच्या उपचारांवर दरवर्षी सरासरी ८.१ अब्ज डॉलर गेले. त्यातले ३.३ अब्ज एकट्या मेलानोमावर, आणि त्याचे रुग्ण बाकीच्यांच्या मानाने अगदी थोडे. डाग लहान असताना तो काढणं ही छोटी शस्त्रक्रिया असते. तोच आजार पसरल्यावर महिनोन्‌महिने औषधं, स्कॅन, भरती सुरू होते. वर्षभराच्या कुरूपाच्या पट्ट्यांची खरी किंमत ही आहे. यात तुमची चूक नाही. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत वावरणाऱ्या माणसाच्या टाचेला काळं दिसलं तर काटा रुतला, रक्त साकळलं, कुरूप झालं असंच कुणालाही वाटतं. शुगर असेल तर डॉक्टरसुद्धा आधी शुगरची जखम म्हणतात. चार-सहा आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासावा, एवढी एकच गोष्ट गावोगावी पोचली असती तर माझ्या टेबलापाशी येणारी कितीतरी घरं आलीच नसती.

आता वावराकडे येते. त्याआधी एक घर सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत भंडाऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. वडिलांना असाच पसरलेला आजार. एका महागड्या औषधाचं नाव कानावर पडलं आणि सगळं घर त्यामागे लागलं. मीही लागले. ट्रस्टांना पत्रं लिहिली, अर्ज भरून दिले, उरलेले पैसे त्यांनी तीन एकर धानाची बांधी विकून उभे केले. तीन डोस झाले आणि ते गेले. पाच महिन्यांनी त्यांची बायको माझ्याकडे आली ती निराधार योजनेचा अर्ज भरायला. त्या दिवशी मला कळलं की त्या घराला एक प्रश्न मी विचारलाच नव्हता: हे औषध आजार बरा करायला देताहेत, की काही महिने आटोक्यात ठेवायला? डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. घराला वाटत होतं की डोस पूर्ण झाले की माणूस बरा होईल. मधे कुणीतरी बसून हे बोलायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

म्हणून हल्ली घर आलं की मी पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणायला सांगते. डाव्या पानावर दवाखान्याचा खर्च: तपासण्या, भरती, औषधं. उजव्या पानावर बाकी सगळं. पहिल्या आठवड्यात डावं पान भरतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत उजवं पान बहुतेक घरांत पुढे गेलेलं असतं, आणि घरच्यांना ते वही उघडेपर्यंत दिसलेलं नसतं.

उजव्या पानावर काय असतं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमचं घर त्यात दिसेल. काटोल ते नागपूर दोघांचं बसभाडं, बसस्टँडपासून ऑटो, कारण टाचेवर वजन टाकता येत नाही. सोबतच्याचं जेवण. गॉज, बँडेज, सलाईनची बाटली, हातमोजे, मलम. हा रोजचा खर्च कुठल्याही योजनेच्या पॅकेजमध्ये नीट बसत नाही, आणि जखम वाहती असेल तर दिवसातून दोनदा लागतो. बाबांच्या जागी लावलेल्या मजुराची मजुरी. बागेला ताण कधी द्यायचा, तोडायचा कधी, पाणी कधी सोडायचं हे बाबांच्या डोक्यात असतं. ते दवाखान्यात असले आणि वेळ चुकली की आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा त्या हंगामाचा सगळा माल, हातचा जातो. तो कुठल्याच बिलात येत नाही. मग भावाची बुडालेली फी. आईची स्वतःची बीपीची गोळी, जी बंद झालेली असते आणि कुणाच्या लक्षात आलेली नसते. आणि तुमचा पगार.

नागपूर शहरातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही १९८० पासून ठेवली जाते. किती जणांना, कोणत्या अवयवाचा, हे त्यातून कळतं आणि ते मोलाचं आहे. पण गेलेला बहार, शाळा सोडलेली मुलगी, मोडलेलं लग्न हे कुठल्याच नोंदवहीत चढत नाही. त्वचेचा कॅन्सर आकड्यांत लहान दिसतो, म्हणून त्यासाठी वेगळी जनजागृती, वेगळी सोय उभी राहत नाही. पण ज्या घरात तो पुढच्या टप्प्यात येतो त्या घरावर तो छोट्या आकड्याने येत नाही.

त्यातही त्वचेच्या कॅन्सरचं एक दुःख निराळं आहे: तो दिसतो, आणि त्याला वास येतो. पोटातल्या गाठीचा माणूस ओसरीवर बसून चहा पिऊ शकतो. वाहत्या जखमेचा माणूस मागच्या खोलीत जातो. आधी स्वतःच जातो, मग त्याचं ताट-पेला वेगळा होतो. आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. वर्ध्याचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन इथे कुष्ठरोग्यांसाठी एवढं मोठं काम झालं, तरी पायाच्या न भरणाऱ्या जखमेकडे पाहून गावात अजून "महारोग" शब्द निघतो. एका घरात मुलीचं जमलेलं लग्न याच कुजबुजीवर मोडलेलं मी पाहिलंय. मेलानोमा स्पर्शाने पसरत नाही, ताटाने पसरत नाही. कुष्ठरोगही औषध सुरू झाल्यावर पसरत नाही, पण ते वेगळं सांगणं. वासावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून किंवा त्याचं जेल जखमेवर लावतात. हे डॉक्टरांना किंवा ड्रेसिंगच्या सिस्टरना विचारून करा, पण विचारा नक्की. वास कमी झाला की माणूस पुढच्या खोलीत परत येतो. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि लाखांच्या कुठल्या औषधापेक्षा मला त्याचं कमी मोल वाटत नाही.

आता तुमच्या निर्णयाचं. बरंच काही परिस्थितीवर आहे, आणि ती परिस्थिती अजून तुमच्या हातात आलेली नाही. जांघेतली गाठ आजाराचीच आहे का, हे सुईने तपासून ठरतं. टाचेला जखम असली की संसर्गानेही गाठ येते. आजार गाठीपलीकडे गेलाय का हे स्कॅन सांगेल. हे दोन रिपोर्ट येण्याआधी वावराची बोलणी करूच नका. घाईच्या सौद्यात भाव पडतो, आणि गावाला घाई लगेच कळते.

समजा आजार जांघेपर्यंतच थांबलाय. मग पहिलं काम शस्त्रक्रिया: टाचेची जागा रुंद कापणं, तिथे त्वचा लावणं, आणि जांघेतल्या गाठी काढणं. ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. नागपुरात मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानचं एम्स हे पर्याय आहेत. वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयंही दूर नाहीत. जिथे जाल तिथे भरती होण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जा आणि मंजुरी निघाल्यावरच भरती व्हा. आधी रोखीने भरून मागाहून योजनेतून पैसे परत मिळत नाहीत. या एका गोष्टीवर घरं फार फसतात.

शस्त्रक्रियेनंतरचंही आत्ताच धरून चाला. जांघेतल्या गाठी काढल्यावर पायाला सूज राहू शकते, दाबाचे मोजे लागतात, उभं राहून दिवसभराचं काम जमत नाही. टाचेला लावलेली त्वचा नाजूक असते. त्यासाठी एमसीआर रबरची मऊ चप्पल मिळते. आपल्याकडे ती कुष्ठरोगाच्या कामामुळे माहितीची आहे आणि फार महाग नाही. बाबा बरे झाले तरी वखर-डवरा मारणारे बाबा कदाचित परत मिळणार नाहीत. बाग कोण पाहणार हा प्रश्न उपचार यशस्वी झाले तरी उभा आहे, आणि दोन एकर विकण्यापेक्षा तो मोठा आहे.

मग इम्युनोथेरपी. ही फसवणूक नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढणारी ही औषधं आहेत. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि पसरलेल्या मेलानोमाचं चित्र या औषधांनी खरोखर बदललं. पण दोन गोष्टी तुमच्या हिशोबात हव्यात. एक, तळपायाच्या मेलानोमावर त्यांचा असर उन्हाने होणाऱ्या मेलानोमाइतका चांगला दिसत नाही. दोन, शस्त्रक्रियेनंतर परत येऊ नये म्हणून देतात तेव्हा साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, सुमारे १८ डोस. सव्वादोन लाखांनी ते साडेचाळीस लाख होतात. दोन एकर विकून त्यातले काही डोस होतील. अर्ध्यात थांबलेल्या उपचाराचा किती उपयोग, हे डॉक्टरांना पहिल्या डोसआधी विचारा, पाचव्यानंतर नको.

कंपन्यांचे रुग्ण-सहाय्य कार्यक्रम असतात, त्यात काही डोसांनंतर पुढचे कमी दरात किंवा मोफत मिळू शकतात. त्यांच्या अटी लेखी घ्या. कमी मात्रेतल्या इम्युनोथेरपीवर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी काम केलंय, पण ते तोंड-घशाच्या कॅन्सरमधलं आहे. तुमच्या बाबतीत ते लागू पडतं का हे तज्ज्ञच सांगतील. आणखी एक विचारा: बायोप्सीच्या तुकड्यावर बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी. तळपायाच्या मेलानोमात थोड्याच जणांत केआयटीमधला बदल सापडतो, पण सापडला तर त्यातल्या काहींना इमॅटिनिब नावाच्या गोळीचा उपयोग होतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधाचं पेटंट नाकारलं, म्हणून ती आपल्याकडे जेनेरिक आणि परवडणारी आहे. शक्यता कमी आहे, हे धरूनच विचारा. पण वावर विकण्याआधी हा दरवाजा ठोठावलेला असावा.

आणि समजा आजार फुफ्फुसात किंवा यकृतात गेलेला निघाला. मग माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून, जमीन विकून औषध सुरू करू नका. मदतीतून, कार्यक्रमातून मिळालं तर जरूर घ्या, आणि किती डोसांनंतर स्कॅन करून थांबायचं की पुढे जायचं हे आधीच ठरवा. वेदनेचं औषध, ड्रेसिंग, झोप, जेवण यांवरचा खर्च मात्र एक रुपयानेही कापू नका. मॉर्फिनच्या गोळ्या महाग नसतात, फक्त त्या मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतात. त्या लागल्या म्हणजे सगळं संपलं असं नसतं. वेदना थांबते, माणूस बोलतो, नातवाला जवळ घेतो.

पैसा लागणारच असेल तर माझा क्रम असा: आधी योजना, मग मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्ट, मग एक-दोन वर्षांसाठी वावर मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, देणं, मग सोन्यावर बँकेचं कर्ज, आणि विक्री अगदी शेवटी. सावकार या यादीत नाही. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण बसतो, महिना १५०० रुपये, पण उत्पन्नाची अट कडक आहे. तहसीलला विचारून ठेवा. दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. पुढचे महिने बाबा जिथे झोपतील तिथून दवाखाना जवळ असणं हाही उपचाराचाच भाग आहे.

तुमच्या नोकरीबद्दल. सोडू नका. बिनपगारी रजा मागा, अर्धा दिवस मागा, पण राजीनामा देऊ नका. प्रत्येक घरात हा भार ठरवून कुणी देत नाही, तो मुलीवर किंवा सुनेवर येऊन पडतो आणि पुढे गृहीत धरला जातो. भावाला ड्रेसिंग शिकवा. मुलांना जमत नाही हे मला कुणी सांगू नये. वॉर्डात वीस वर्षांची पोरं बापाची जखम माझ्यासमोर धुतात. गावच्या आशाताईंशी बोला. तुमचा पगार हे या घरातलं सध्याचं एकमेव असं उत्पन्न आहे जे पावसावर आणि बहारावर अवलंबून नाही.

आता ज्यामुळे तुमचा प्रश्न मी दुसऱ्यांदा वाचला ते लिहिते. तुमच्या इतक्या लांब पत्रात आई आहे, भाऊ आहे, काका आहेत, डॉक्टर आहेत. बाबांचं म्हणणं एकाही ओळीत नाही. "त्यांना फक्त जखम आहे एवढंच सांगितलंय," असं तुम्ही लिहिलंय. पण सातबारा त्यांच्या नावावर आहे, ताई. विक्रीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार. त्यांना काय सांगून ती घेणार आहात? मी पाहिलेल्या बहुतेक बापांना आधीच कळलेलं असतं, ते घराला सांभाळायला गप्प असतात. सगळं एकदम सांगायची गरज नाही. "बाबा, जखमेच्या तपासणीत वाईट निघालंय, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" एवढ्यावर सुरुवात करा आणि थांबा. पुढचं ते विचारतील. कुणी म्हणतं सगळं विका पण वाचवा, कुणी म्हणतं पोरांच्या वावराला हात लावू नका. दोन्ही ऐकलंय मी, आणि दोन्ही वेळा घराचं ओझं हलकं झालेलं पाहिलंय, कारण ठरवणारं माणूस योग्य होतं.

हे बोलणं या आठवड्यात करा. ओपीडीला येताना बायोप्सीच्या नुसत्या रिपोर्टवर येऊ नका. जिथे तपासणी झाली त्या लॅबमधून स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून आणा, तो तुमचा हक्क आहे, आणि पुढची जनुक-तपासणी त्याच ब्लॉकवर होईल. रेशनकार्ड, आधार, सातबारा यांच्या दोन-दोन प्रती. आणि ती वही, डावं-उजवं पान आखून.